ओसरीवरची मतपेटी

नंदा खरातवर अन्याय झाला. बुधवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर, तिच्याच घराच्या ओसरीवर, चहाच्या कपबश्या आत जायच्या आधी. अन्याय करणाऱ्याचं नावही सांगते: आमची संस्था. आणि तो झाला एका बोटानं. आमच्या इन्व्हेस्टिगेटरनं, म्हणजे घरोघरी प्रश्न विचारणाऱ्या पोरानं, टॅबवर तिच्या नावापुढं ‘मत नाही’ हे बटण दाबलं आणि पुढचा प्रश्न उघडला.

नंदाला मत होतं. इतकं पक्कं मत मी नंतर कुठल्या मोर्चातही पाहिलेलं नाही.

मी तेव्हा विद्यापीठाच्या एका संस्थेत फील्ड सुपरवायझर होते. संस्थेची कामं दोन. लोकांना नागरिकशास्त्र शिकवायचं, म्हणजे ग्रामसभा कशी चालते, अर्ज कुणाला करायचा, माहिती कशी मागायची. आणि लोकांचं मत काय आहे ते शास्त्रशुद्ध पद्धतीनं काढायचं. त्याआधी कॉलेजात मी पत्रकं लिहायची. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द माझ्या हाताला आपोआप यायचे. नोकरीच्या इंटरव्ह्यूत सरांनी माझं एक पत्रक वाचलं. सर म्हणजे आमचे प्रोजेक्ट हेड.

‘‘यात उत्तरं फार आहेत,’’ ते म्हणाले.

‘‘मग?’’

‘‘आमच्याकडे प्रश्न विचारायचे पैसे मिळतात.’’

घेतलं मात्र त्यांनी मला.

बारामतीत खतं-औषधांच्या दुकानावर एक खोली होती, ते आमचं फील्ड ऑफिस. तिथला वास आमच्या कपड्यांना लागायचा, डब्यातल्या चपातीला लागायचा. सकाळी तिथून जीप निघायची. हिवाळा होता, कारखान्यांचा सीझन. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, पुढं कर्णा लावल्यासारखी गाणी. वस्तीवर मुलाखत चालू असताना ट्रॅक्टर आला की सगळे गप्प बसायचे. तो लांब गेला की इन्व्हेस्टिगेटर म्हणायचा, ‘‘हां, तर प्रश्न असा होता...’’ आजही कुठं उसाचा ट्रॅक्टर गेला की मी बोलता बोलता थांबते. समोरच्याला कळत नाही, हिला काय झालं.

गाव बारामतीहून इंदापूरकडं जाताना लागतं. नाव लिहीत नाही, तिथल्या बायकांनी लिहू नको म्हणून सांगितलंय. माणसांची नावंही बदललीत. तिथं प्रश्न होता आठवडे बाजाराचा. तो वर्षानुवर्षं गावात, पिंपळाच्या पाराभोवती भरायचा. ग्रामपंचायतीनं गावाबाहेर रस्त्याकडेला नवा बाजारतळ बांधला. सिमेंटचे ओटे, निळ्या पत्र्याचं शेड, पाण्याची टाकी. बांधून तो तसाच पडून होता, कारण गावात दोन तट पडले. पाराजवळचे दुकानदार म्हणत, बाजार हलला तर आमचा धंदा हलला. सरपंचांना कुणालाच दुखवायचं नव्हतं. त्यांनी आमच्या संस्थेला बोलावलं. ‘‘तुम्हीच लोकांचं मत काढा. ग्रामसभेपुढं ठेवू. ग्रामसभा म्हणेल तसं.’’

सर खूश झाले. असं गाव रोज मिळत नाही.

सर्व्हेची पद्धत सोपी आहे. गावात सगळ्यांनाच विचारत बसत नाही. मतदार यादीतून लॉटरीसारखी नावं काढायची. त्याला सॅम्पल म्हणतात. ज्याचं नाव निघालं त्यालाच विचारायचं. नवऱ्याचं निघालं तर नवऱ्याला, सुनेचं निघालं तर सुनेला. बदली माणूस चालत नाही. आणि दुसरा नियम: मुलाखत एकांतात घ्यायची.

हा दुसरा नियम कागदावर फार छान दिसतो. आता वस्तीवर या. ओसरीवर आबा बसलेत. भगवानराव खरात, नंदाचे सासरे, सगळी वाडी त्यांना आबा म्हणते. शेजारी त्यांचा मुलगा दत्ता, म्हणजे नंदाचा नवरा. समोर आमचा विशाल. विशाल कन्हेरीचा पोरगा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, पार्टटाइम इन्व्हेस्टिगेटर. वयस्कर माणूस दिसला की आधी पाया पडणार, मग नाव विचारणार. नंदा दारात उभी, पदर नीट करून.

‘‘वहिनी, बाजार कुठं भरावा असं तुमाला वाटतं?’’

‘‘तिला काय इचारतो? मी सांगतो की,’’ आबा म्हणाले. ‘‘बाजार पारावरच पायजे. लिव.’’

‘‘आबा, नाव वहिनींचं निघालंय.’’

‘‘मग तिला बी त्येच वाटतंय. काय गं?’’

नंदा काहीच बोलली नाही. विशालनं पुन्हा विचारलं. तिनं आत वळून पाहिलं, जणू चुलीवर काही ठेवलंय. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, ‘‘मला न्हाय काय त्यातलं कळत.’’

विशालनं बटण दाबलं. खोटं दाबलं नाही. नियमाप्रमाणं दाबलं. अशा घराघरातून त्यानं आणि बाकीच्या पोरांनी तेच दाबलं.

आठवड्याच्या शेवटी सर पुण्याहून आले. सोबत रिपोर्टचा ड्राफ्ट. त्यात एक वाक्य होतं, ते मला अजून तोंडपाठ आहे. ‘गावाचा कल जुन्या जागेकडे आहे, महिलांमध्ये सार्वजनिक प्रश्नांविषयी उदासीनता असून त्यांच्या नागरिक शिक्षणाची गरज आहे.’

‘‘सर, हे वाक्य काढा.’’

‘‘का?’’

‘‘खोटं आहे.’’

‘‘डेटा आहे. निम्म्याहून जास्त बायका म्हणतात मत नाही.’’

‘‘बाजारात भाजी विकायला कोण बसतं सर? बायका. जिथं दर आठवड्याला दिवसभर बसायचं, त्या जागेबद्दल मत नाही? तुम्हाला तुमच्या ऑफिसच्या खुर्चीबद्दल मत नाही का?’’

‘‘आहे. ती मोडकी आहे.’’ सरांनी चष्मा काढला. ‘‘पण तुझा संताप हा पुरावा होत नाही. बॅकचेक कर आणि ये.’’

बॅकचेक म्हणजे सुपरवायझरनं काही घरांत पुन्हा जाऊन खात्री करायची, की पोरगं खरंच तिथं गेलं होतं का, की झाडाखाली बसून टॅब भरला. जीपमध्ये मी विशालला झापलं.

‘‘आबांना उठा म्हणायचं ना.’’

‘‘ताई, त्यांच्याच ओसरीवर बसून, त्यांचाच चहा पिऊन, त्यांनाच उठा म्हणू?’’

‘‘नियम आहे.’’

‘‘नियम पुण्यात ऱ्हातो. आमी हितं ऱ्हातो. उद्या कुणाच्या लग्नात आबा भेटले तर म्हणतील, ह्यो बघा, मला घरातनं उठवणारा. माझं लग्न व्हायचंय आजून.’’

ड्रायव्हरसुद्धा हसला. मला हसू आलं नाही. आता येतं.

नंदा गवारीच्या रानात सापडली. गवार तोडायला बसूनच सरकावं लागतं, म्हणून मीही तिच्या ओळीत बसले. शेंगा खाजतात. मी हात चोळत होते, ती बघत होती.

‘‘मॅडम, तुमी नका तोडू. कवळ्या बी तोडताय.’’

मी हात आवरले आणि सरळ विचारलं. ‘‘बाजार कुठं पाहिजे?’’

तिनं बांधाकडं पाहिलं. कुणी नव्हतं.

‘‘नव्या जागंला.’’

‘‘का?’’

पुन्हा बांधाकडं पाहिलं. मग मान खाली घालून, शेंगा तोडत तोडत बोलली.

‘‘नव्या जागंला बायांचं बाथरूम हाय. पारावर न्हाय. बाजाराच्या दिवशी मी उठल्यापासनं पानी पीत न्हाय. चहा बी न्हाय. सांजच्याला घरी आले की मग तांब्याभर पिते. उन्हाळ्यात डोळ्यापुढं अंधारी येती. गेल्या उन्हाळ्यात तिथंच पडले. सगळे म्हनाले ऊन लागलं.’’

‘‘कुणाला सांगितलं नाही?’’

‘‘दवाखान्यातल्या बाईला. ती म्हनली पानी पी जास्त.’’ नंदा हसली. ‘‘आमच्या लायनीतल्या सगळ्याच तशा. मेथीवाली, कोथमिरीवाली. एकमेकींना इचारतो, आज पिलीस का गं? न्हाय बाई. आमचा त्योच रामराम.’’

‘‘मग त्या दिवशी का नाही बोललात?’’

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं आपण अगदीच अडाणी माणसाकडं पाहतो.

‘‘मामंजींच्या पुढं बाथरूमचं बोलू?’’

आमच्या प्रश्नावलीत ‘का?’ या प्रश्नाला पर्याय होते. अंतर. रहदारी. दुकानं. देवळाचा परिसर. इतर. विद्यापीठात बसून, चर्चा करून बनवलेली यादी. त्यात हे नव्हतं. कारण ती यादी बनवणाऱ्या प्रत्येकाच्या मजल्यावर बाथरूम होतं.

मी आणखी घरं फिरले. रानात, गोठ्यात, पाण्याच्या टाकीपाशी. बायका तेच बोलल्या. ओसरीवर एकही बोलली नाही.

सरांना फोनवर सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, ‘‘बायकांना पुन्हा विचारू. रानात.’’

‘‘नाही,’’ सर म्हणाले.

‘‘का नाही?’’

‘‘पुन्हा विचारायचं तर सॅम्पलमधल्या सगळ्यांना विचारायचं. पुरुषांनाही. एकाच पद्धतीनं. नाहीतर उद्या ग्रामसभेत कुणीही उठून म्हणेल, तुम्हाला पाहिजे ते उत्तर येईपर्यंत विचारत बसलात. आणि ते बरोबर असेल.’’

सरांचा हा गुण मला तेव्हा फार डाचायचा. आज आंदोलनाच्या बैठकीत असा माणूस शोधूनही मिळत नाही.

‘‘मग डमी बॅलट वापरू,’’ मी म्हटलं.

निवडणुकीच्या सर्व्हेत आम्ही ‘मत कुणाला दिलं’ हे तोंडी विचारत नाही. लोक सांगत नाहीत, आणि का सांगावं? तिथं आम्ही खोटी मतपत्रिका देतो, माणूस शिक्का मारतो, घडी घालतो आणि कुलपाच्या पेटीत टाकतो. म्हणजे डमी बॅलट. पेटी पत्र्याची, झाकणाला फट. आमच्या ऑफिसात अशा पेट्या धूळ खात होत्या. सर म्हणाले, ‘‘एकच प्रश्न. दोन चित्रं. लगेच सुरू करा.’’

मतपत्रिकेवर एकीकडं पिंपळाचा पार, दुसरीकडं निळं शेड. वाचता येवो न येवो, कळणार.

पहिलं घर खरातांचंच घेतलं. विशालसोबत मी गेले. पुढचा बुधवार, तीच वेळ. ओसरीवर आबा, दत्ता, आणि गंमत बघायला आलेला एक शेजारी. विशाल पाया पडला. मी मनात भांडण तयार करून गेले होते. आबांना काय काय सुनवायचं, सगळं जुळवून ठेवलं होतं. पत्रकाच्या भाषेत.

‘‘आता काय ऱ्हायलं?’’ आबांनी विचारलं.

‘‘बाजाराचंच हाय आबा. ह्या बारीला पेटीत टाकायचं.’’

विशालनं पेटी खाली ठेवली. आबा वाकून बघत राहिले. चष्मा मागवला. मग म्हणाले, ‘‘सील कुठं हाय?’’

‘‘आँ?’’

‘‘पेटीला सील. कुलूप लावलं, सील कुठं हाय? आन् रिकामी हाय हे कुनाला दाखवलं?’’

मी आणि विशाल एकमेकांकडं बघायला लागलो.

‘‘मी बुथवर एजंट बसायचो,’’ आबा म्हणाले. ‘‘पेट्या हुत्या तवापासनं. मग मशीन आल्या. पार्ट्या बदलल्या, माझी खुर्ची न्हाय बदलली. उघड ती.’’

विशालनं पेटी उघडली. आबांनी ती उचलून पालथी केली, ठोकली, आत हात फिरवला. कुलूप लावून घेतलं. कुलपावर कागदाची पट्टी चिकटवून घेतली. पट्टीवर सही केली. दत्तालाही करायला लावली. मग आजूबाजूला बघितलं.

‘‘मतदान कुठं?’’

‘‘हितंच. ओसरीवर,’’ विशाल म्हणाला.

‘‘आन् हे सगळे?’’

विशालनं दत्ताकडं पाहिलं.

‘‘पोलिंग हाय का तमाशा?’’ आबांचा आवाज चढला. ‘‘ए दत्ता, ऊठ. ऊठ म्हनलं ना. तुला काय निमंत्रन पायजे? ओ पाव्हणं, तुमचं घर न्हाय का? आन् मॅडम, तुमी बी चला. अधिकारी आसला म्हनून आत थांबायचं न्हाय.’’

मी उठले. माझं भांडण माझ्याजवळच राहिलं.

सगळ्यात शेवटी आबा स्वतः उठले. काठी घेतली, पायरी उतरले आणि अंगणात ओसरीकडं पाठ करून उभे राहिले. अगदी बुथवरच्या पोलिसासारखे. शेजारी मागं वळून बघायला लागला तर त्याच्या खांद्यावर काठी टेकवली. ‘‘तोंड तिकडं.’’

ओसरीवर नंदा एकटी. तिच्या हातात कागद, समोर पेटी. त्या ओसरीवर तिला एकटीला पाहिलं आणि मीही पाठ केली. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. गाणं लांब गेलं. आत शांत.

‘‘झालं का?’’ आबांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

‘‘न्हाय आजून, मामंजी.’’

‘‘निवांत होऊ दे. घाई न्हाय.’’

‘न्हाय आजून’ हे ती मोठ्यानं म्हणाली. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मला एवढंच आठवतं, की विशालनं खिशातून रुमाल काढला आणि उगाचच टॅब पुसला.

हा तोच माणूस होता. आदल्या बुधवारी सुनेच्या तोंडातलं उत्तर हिसकावून घेणारा. मी तेव्हापासून विचार करतेय, यातला खरा आबा कुठला? दोन्ही. मत म्हणजे ओसरीवरच्या गप्पा, आणि गप्पांत घरातला मोठा माणूस बोलणार. मतदान म्हणजे कायदा, आणि तिथं सून आणि सासरा एकाच मापाचे. हे त्यांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं. आम्ही मात्र गप्पांची बैठक मांडून बसलो, आणि मग बायका बोलत नाहीत म्हणून रिपोर्टात लिहिलं.

पुढं प्रत्येक वस्तीवर आम्ही नवी पेटी आधी पालथी करून दाखवायला लागलो. सील लावून वस्तीतल्या मोठ्यांची सही घ्यायची. मग घराघरात विशाल हात जोडून म्हणायचा, ‘‘आता मतदान. भाईर चला, मी बी येतो.’’ माणसं उठायची. एका घरात तर म्हातारा आमच्याआधी उठला, म्हणाला, ‘‘खरातांच्यात पाठ करून उभं ऱ्हायले म्हनं. आमी काय कमी हाय व्हय?’’

एकजण अडला. ‘‘आमच्या घरातली सगळी मतं मीच टाकतो, आण हिकडं.’’

विशालनं विचारलं, ‘‘काका, इलेक्शनला बी तुमीच टाकता व्हय?’’

‘‘टाकली आस्ती. टाकू देत न्हाईत.’’

‘‘आमी बी न्हाय देत.’’

काका हसत उठले.

त्या दिवसांत दुपारचं जेवण आम्ही कालव्याच्या कडेला करायचो. विशालच्या आईची शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या तरी रानातला कांदा, पेटीचंच टेबल. एवढी दमून आणि एवढी आनंदात मी नंतर कुठल्या नोकरीत नव्हते. तिथं आमच्यातला कुणीही क्रांती करत नव्हता. आम्ही लोकांना घराबाहेर काढत होतो, एवढंच.

ग्रामसभा पारावर भरली. पेट्या सगळ्यांसमोर उघडल्या. आबा पहिल्या रांगेत, सील तपासायला. पिंपळाचे कागद एका टोपलीत, शेडचे दुसरीत. शेडची टोपली भरली, दुसरी मागवावी लागली.

दुकानदारांच्या बाजूनं आवाज आला, ‘‘बायांना फितवलं ह्या पुण्याच्या लोकांनी!’’

मी उठणार होते. निषेध ओठावर होता. त्याआधी आबा उठले.

‘‘माझं नाव निघालं आस्तं तर मी पाराला मत दिलं आस्तं,’’ ते म्हणाले. ‘‘माझी बैठक हितं हाय. पर पेटी मी ठोकून बघितली हुती. सील मी लावलं. हारलेल्या पार्टीनं पेटीला नावं ठिवायची न्हाईत. गप बसा.’’

गप बसले. ठराव झाला. बायकांनी कारण सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. नंदा मागं भिंतीपाशी बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्या चेहऱ्याकडं पाहून आम्ही ‘उदासीनता’ हा शब्द लिहिला असता.

सरांनी ड्राफ्टमधलं ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं: ‘पहिल्या फेरीत मिळालेली उत्तरे मुलाखतीच्या पद्धतीमुळे सदोष आहेत.’ माझ्या पत्रकात याला पानभर लागलं असतं.

नव्या जागेवरच्या पहिल्या बाजाराला बाथरूमला कुलूप होतं. सरकारी वस्तू, खराब होईल म्हणून. हे मला विशालनं फोनवर सांगितलं. मी तिथंच शिव्या द्यायला लागले. तो म्हणाला, ‘‘ताई, ऐका तरी. दुसऱ्या बाजाराला आबांनी ग्रामपंचायतीतनं किल्ली आनली. दार उघडलं आन् किल्ली नंदावहिनीच्या पाटीत टाकून गेले.’’

‘‘काही म्हणाले?’’

‘‘काय न्हाय. म्हनले, ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी.’’

म्हणजे त्यांना कळलं होतं. कधी, कसं, कुणाकडून, मला माहीत नाही. घरात त्यावर एक शब्द झाला नसणार. झाला नाही तरी चालतं, हे मला त्या दिवशी समजलं.

प्रोजेक्ट संपला. खताच्या दुकानावरची खोली सोडली. विशाल एका बँकेत लागला, त्याचं लग्नही झालं, आणि लग्नात आबा आले होते. मी पुन्हा पत्रकांकडं आले. संस्थेनं भंगारात काढलेली एक पेटी मी मागून घेतली, तिच्यात आता माझी पत्रकं असतात. कुलपावर अजून आबांच्या सहीची अर्धी पट्टी आहे.

तर आता माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या दारात कुणी मत विचारायला येईल. नाव तुमच्या सुनेचं निघेल, बायकोचं, मुलीचं, आईचं. पोरगं तुमच्या पाया पडेल, तुमचा चहा पिईल, आणि तुम्हाला उठा म्हणायची त्याची छाती होणार नाही. त्याची वाट पाहू नका. चहा सांगा, काठी असली तर घ्या, पायरी उतरा, घराकडं पाठ करून उभे राहा.

झालं का म्हणून एकदा विचारा. आतून ‘नाही अजून’ असं उत्तर आलं, तर तिथंच थांबा.